चांगल्या मालकाची आठवण कशी ठेवायची?

उद्योगपतीवर लेख, आणि तोही आपल्या अंकात? बैठकीत मी विषय सांगितला तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तर विचारलंच, 'जाहिरात मिळणार आहे का गं त्यांची?' हसलो सगळ्या. पण प्रश्न बरोबर होता. गिरणगावात वाढलेल्या बाईने मालकाचं कौतुक करायला घेतलं की मैत्रिणींनी कान टवकारावेत, हे योग्यच आहे.

मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मृत्यू 26 सप्टेंबर 1956. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, पंप, किर्लोस्करवाडी, हे सगळं शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात आपण वाचलेलं असतं. जन्मशताब्दीला, 1969 साली, त्यांच्यावर टपालाचं तिकीटही निघालं. त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक एकाच सुरात असतं: मराठी माणूस धंदा करू शकतो याचा पुरावा. मला त्या सुरात रस नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हा माणूस दयाळू होता असं सगळे सांगतात. त्या दयाळूपणाचं आपण, बायकांच्या चळवळीतल्यांनी, काय करायचं? डोक्यावर घ्यायचा, की 'मालक तो मालक' म्हणून सोडून द्यायचा?

मी राहते नायगावात. सावित्रीबाईंचं नायगाव ते साताऱ्याकडचं. हे दादर पूर्वेचं, बीडीडी चाळींचं आणि गिरण्यांचं. इथून चालत वीसेक मिनिटांवर माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. लक्ष्मणरावांची सुरुवात याच संस्थेतली, फक्त तेव्हा ती भायखळ्याला होती. माटुंग्याला आली 1923 साली. गंमत पाहा, 1887 मध्ये संस्था निघाली ती व्हिक्टोरिया राणीच्या नावाने आणि 1997 मध्ये नाव बदललं ते वीरमाता जिजाबाई. आद्याक्षरं तीच राहिली. दोन्ही वेळा नाव बाईचं, आणि कित्येक दशकं आत मात्र सगळे पुरुष. त्याबद्दल पुढे बोलेनच.

लक्ष्मणराव मुंबईला आले ते चित्रकार व्हायला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगकाम सुटलं, यांत्रिक ड्रॉइंग हाती राहिलं. त्या जोरावर व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता ते स्वतः यंत्रं उघडून, हात काळे करून शिकत राहिले. पुस्तकी शिक्षकाला कारखान्यात उतरायची लाज वाटण्याचा तो काळ. सायकली नव्याने आल्या होत्या. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे आणि पंधरा रुपये घेऊन चालवायला शिकवायचे. मग एक दिवस बढतीची वेळ आली. त्यांचा हक्क होता, जागा दिली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

चरित्रकारांना हा राजीनामा फार आवडतो. स्वाभिमान वगैरे. असेलही. पण माझ्या मनात आलं, आपल्यापैकी कितीजणींनी हा अनुभव घेतलाय, की काम आपलं, अनुभव आपला आणि खुर्ची दुसऱ्याला! फरक एवढाच की राजीनामा तोंडावर टाकून गावी जायचं आणि तिथे भावाने पाठीशी उभं राहायचं, ही सोय आपल्याला नसते. गावी गेलं तर भाऊ विचारतो, परत कधी जाणार.

बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. आता नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते, कारण तिच्यात एक अर्धी बाजू सांगायची राहून जाते. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. माणूस हटला नाही. शेतात जाऊन नांगरून दाखवायचं, शेतकऱ्याने काढलेली खोड ऐकायची, कारखान्यात येऊन फाळ बदलायचा, पुन्हा जायचं. हा मला त्यांचा खरा गुण वाटतो. 'अडाणी आहेत, त्यांना कळत नाही' असं म्हणून तो बसून राहिला नाही. ज्याच्या हातात अवजार जाणार त्याच्याकडून तो शिकला. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या असं सांगतात.

तर लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत मोडली. दोन वर्षांत नसेल, दहा-वीस वर्षांत मोडली. पण बाईने नांगर धरू नये, ही समजूत? तिला लोखंडाचा नांगर आला काय, ट्रॅक्टर आला काय, धक्का लागला नाही. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी सगळं बाईने करायचं, नांगराला मात्र हात लावायचा नाही, लावला तर पाऊस जातो! यंत्र करणाऱ्याने एका अंधश्रद्धेशी झुंज घेतली, कारण तिच्यामुळे नांगर विकला जात नव्हता. दुसरीशी घेतली नाही, कारण तिच्यामुळे काही अडत नव्हतं. यात लक्ष्मणरावांना मी दोष देत नाही. तंत्रज्ञान आपोआप समाज बदलतं असं जे हल्ली प्रत्येक भाषणात ऐकू येतं, त्यावर हे एवढं उदाहरण पुरे आहे. बाईचं नाव सातबाऱ्यावर चढावं म्हणून 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढावी लागली. ते काम नांगराने झालं नव्हतं.

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि कारखान्याला ठिकाण उरलं नाही. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ त्यांनी दिला, वर कर्जही दिलं. 1910 साली लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे पोचले. निवडुंग आणि साप. पाण्याची वानवा. तिथे कारखाना, घरं, रस्ते, झाडं, पुढे शाळा असं एक गावच उभं राहिलं. हीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात.

या वाडीच्या गोष्टीत ठरावीक नावं येतात. रामूअण्णा, सगळा कारभार बघणारे. शंभोराव जांभेकर, इंजिनीअर. के. के. कुलकर्णी, पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे, हिशेब बघणारे. अनंतराव फळणीकर, परीक्षेत नापास झालेला आणि यंत्रात डोकं चालणारा मुलगा. आणि तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग. हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वाडीच्या राखणीवर ठेवलं.

इथे थोडं थांबायला हवं. 1871 च्या इंग्रजी कायद्याने सुरुवात झाली आणि जातीच्या जाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. माणूस जन्मला की गुन्हेगार. पोलिसांत हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवानगी घ्यायची. गावात चोरी झाली की पहिल्यांदा कुणाच्या घरात शिरायचं हे ठरलेलं. अशा काळात रामोशी आणि मांग समाजातल्या, शिवाय तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांवर एक ब्राह्मण कारखानदार आपलं गाव रात्री सोपवून झोपी जातो, ही साधी गोष्ट नव्हे. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचा आग्रह होता. परीक्षेत नापास झालेल्याला कामावर घेणं, शिक्षा झालेल्याला कामावर घेणं. माणसावर बसलेला शिक्का न बघता त्याच्या हाताकडे बघणं. मला वाटतं, दयाळू हा शब्द यासाठी थोडा अपुराच पडतो. दया वरून खाली येते. हा विश्वास होता.

पण मी ही सात नावं वहीत लिहून काढली आणि आठवं नाव शोधायला लागले. बाईचं. पत्नी राधाबाईंचा उल्लेख येतो, तो पत्नी म्हणून. त्या पंचवीस कुटुंबांत बायका होत्या की नाही? निवडुंगाच्या माळावर पहिल्या वर्षी चूल कुणी पेटवली? पाणी कुठून, किती लांबून आणलं? बाळंतपणं कुठे झाली, साप निघाला तेव्हा पोरांना उचलून कोण पळालं? कारखाना उभा राहिला त्याचा हिशेब मंगेशरावांनी पैन् पै ठेवला असेल. या कामाचा हिशेब कुठल्या वहीत आहे? आपल्या बिनमोलाच्या श्रमांबद्दल आपण इतकी वर्षं शिबिरांतून बोलतो. त्याचं मला सापडलेलं हे सगळ्यात ठळक उदाहरण. वाईट माणसाने वगळलं तर आपण भांडतो. चांगली माणसं वगळतात तेव्हा त्यांना ते दिसलेलंच नसतं.

यंत्रांची गोष्टही तशीच. किर्लोस्करवाडीत नांगराबरोबर शेंगा फोडायची यंत्रं झाली, उसाचे चरक झाले, हातपंप झाले. यातल्या प्रत्येक यंत्राला मी एकच प्रश्न विचारते: याच्या आधी हे काम कोण करत होतं? शेंगा फोडायला खळ्यावर बायाच बसायच्या. मापावर मजुरी, नखं फुटायची, अंगठ्याला चिरा पडायच्या. यंत्र आलं, अंगठे वाचले आणि मजुरीही गेली. हातपंप आला, रहाटाची ओढ वाचली; तिथे बाईचं गेलं काहीच नाही, कारण पाणी भरण्याचे पैसे तिला कुणी देतच नव्हतं. म्हणजे जे काम फुकट होतं तिथे यंत्र वरदान आणि जे काम पैशाचं होतं तिथे यंत्र आलं की पैसा तिच्या हातून सुटला. हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वाइंडिंग, रिळं ही बायकांची खाती, त्यांच्यावर नाईकीण असायची. मग सुधारित यंत्रं येत गेली. रात्रपाळी बायकांना बंद होतीच, 1929 च्या कायद्याने मुंबई प्रांतात बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागू लागला, आणि मालकांना बाई महाग वाटायला लागली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या होत्या. म्हणूनच त्या संपाच्या फोटोत बाई दिसते ती बहुधा संपकऱ्याची बायको म्हणून, स्वतः कामगार म्हणून क्वचित.

चरख्याचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालायला हवा, आणि बाईला फार श्रम न होता आठ तास सलग चालवता यायला हवा. ही शेवटची अट वाचून मी उडालेच. यंत्राच्या अटींमध्ये बाईचा थकवा! आजही कुठल्या निविदेत हे लिहिलेलं मी पाहिलं नाही. किर्लोस्करवाडीतून एक चरखा या स्पर्धेत उतरला. पण गुंतागुंतीचा ठरला, पसंतीस उतरला नाही, आणि एक लाखाचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मला त्या अपयशापेक्षा अटीचं महत्त्व वाटतं. कुणीतरी आधी बाईचं शरीर डोळ्यांपुढे आणलं आणि मग यंत्र मागितलं. (आठ तास सूत कातून झाल्यावर स्वयंपाक कुणी करायचा, हे अटीत नव्हतं. असो.)

आता आपल्या अगदी घरातली गोष्ट. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली. काढली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी. नांगर घेणाऱ्यांना नांगराची माहिती द्यावी एवढा मूळ हेतू. तिचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि 1930 मध्ये त्याच वाडीतून 'स्त्री' मासिक सुरू झालं. ओसाड माळावर नांगर करणाऱ्या कारखान्याच्या छापखान्यातून! घटस्फोट, संततिनियमन, विधवांचे प्रश्न, बाईचं शिक्षण आणि नोकरी, यांवर मराठी घरात वाचलं जाऊ लागलं त्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे. पुढे शांताबाई किर्लोस्करांनी संपादनाची धुरा वाहिली. विद्या बाळ तिथेच काम शिकल्या, 'स्त्री'च्या संपादक झाल्या, तिथून बाहेर पडल्या आणि 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. 2020 च्या जानेवारीत विद्याताई गेल्या तेव्हा आपल्या कितीजणी रडल्या. त्या धाग्याचं एक टोक कुंडलच्या माळावर आहे, हे मान्य करायला आपल्याला जड का जावं?

'स्त्री'चं श्रेय लक्ष्मणरावांना देऊ नये. ते शंकररावांचं आणि तिथे लिहिणाऱ्या बायकांचं. पण तोट्या-फायद्याचा विचार करणाऱ्या कारखान्यात एका पुतण्याला असला उद्योग करू देणारं वातावरण कुणी तयार केलं होतं? परीक्षेत नापास झालेल्याला, तुरुंगातून आलेल्याला जागा देणाऱ्यानेच ना. लक्ष्मणरावांचं चरित्र शंकररावांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लिहिलं. ते जरूर वाचा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा.

तर मग चांगला मालक मिळाला की झालं का? हा प्रश्न माझ्यासाठी जुना नाही. आमच्या गटात काही वर्षांपूर्वी आलेल्या सातआठजणींची गोष्ट सांगते. मालकाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. दादरच्या एका गाळ्यात त्या मोबाइलचे सुटे भाग जोडायचं, तपासायचं बारीक काम करायच्या. शेठ फार चांगला. गणपतीला आगाऊ पैसे द्यायचा. एकीच्या मुलाच्या ऑपरेशनला त्याने स्वतःच्या खिशातून मदत केली. आम्ही सांगायचो, बायांनो, नेमणूकपत्र मागा, पगाराची पावती मागा, फंडाचं विचारा. त्या म्हणायच्या, 'ताई, देवमाणूस आहे हो. त्याला कागद मागायचा? बरं दिसेल का ते?' मग धंद्याला वाईट दिवस आले, गाळा विकला गेला, काम लांब कुठेतरी हलवलं. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. प्रत्येकीला एक साडी आणि दोन हजार रुपये. नऊ-नऊ वर्षं काम केलेल्या बायका, आणि आपण तिथे काम करत होतो एवढं सिद्ध करायलाही हातात चिठोरं नाही. तो वाईट माणूस नव्हता. तो चांगला होता म्हणूनच त्यांनी काही मागितलं नाही.

दयाळू मालक हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये कॅडबरी बंधूंनी 1879 मध्ये चॉकलेटचा कारखाना बर्मिंगहॅमच्या गर्दीतून बाहेर नेला आणि बोर्नव्हिल हे कामगारांचं बागांचं गाव उभं केलं. पोहण्याचे तलाव, खेळाची मैदानं, कामगार मुलींसाठी वेगळी बाग. जगभर त्याचं कौतुक झालं. पण त्या कारखान्यात मुलीचं लग्न ठरलं की तिची नोकरी संपायची. निरोपाला एक बायबल आणि एक फूल मिळायचं! मालक धर्मभीरू, प्रेमळ, युद्धाला विरोध करणारे. त्यांना मनापासून वाटायचं की लग्न झालेल्या बाईची जागा घरात आहे. दयाळू माणसाची दया त्याच्या समजुतीच्या कुंपणापाशी थांबते, आणि ते कुंपण हलवायचं काम दयेने होत नाही.

लक्ष्मणरावांना आपण यातून कुठे ठेवायचं? माझं मत मी सांगते, पटलं नाही तर पुढच्या अंकात लिहा. मी त्यांच्या स्वभावाला नमस्कार करते, पण त्यांची आठवण ठेवायची ती त्यांनी ज्या गोष्टींची व्यवस्था केली त्यांच्यासाठी. घर ही व्यवस्था होती. शाळा, छापखाना, मासिक ही व्यवस्था होती. वाडीत अस्पृश्यता नाही हा नियम होता, नुसती मालकाची मर्जी नव्हती. जे मर्जीवर राहिलं ते त्यांच्याबरोबर गेलं. मालक बदलला की मर्जी बदलते. आणि जी व्यवस्था झालीच नाही, म्हणजे त्या पंचवीस घरांतल्या बायकांच्या कामाची नोंद, तीही आठवणीचा भाग झाली पाहिजे. जयंतीच्या भाषणात हे सांगितलं तर अपमान होत नाही.

व्हीजेटीआयकडे परत येते, कारण तिथली दुसरी एक आठवण मला याच्याशेजारी ठेवायची आहे. लक्ष्मणराव तिथून बाहेर पडल्यावर अर्ध्या शतकानंतर, 1953 साली, शकुंतला जोशी नावाची मुलगी त्याच संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली. वडील एस. बी. जोशी, पूल बांधणारे नामवंत इंजिनीअर. पुढे तिने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलं, पवईच्या आयआयटीत शिकवलं आणि 1970 मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी काढली. पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग आधीच तयार करायचे, अवघड जागी नेऊन जोडायचे, पूल तयार. सरकारी खाती नव्या पद्धतीला हात लावायला कचरत होती. पहिलं काम झालं 1972 मध्ये हिमाचलमधल्या स्पितीला, जिथे मोठी यंत्रं नेणंच मुश्कील. मग काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत त्यांचे पूल झाले. लक्ष्मणरावांचा पहिला नांगर दोन वर्षं पडून होता हे मराठी माणसाला पाठ आहे. शकुंतला भगतांच्या पुलाची वाट कुणी किती दिवस अडवली, हे कुणाला पाठ आहे? 2012 च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. मला तर वाटतं, नायगाव-माटुंग्यातल्या शंभर बायकांना विचारलं तर पाचजणींनाही हे नाव ठाऊक नसेल.

त्यांच्याबद्दल जिथे लिहिलं जातं तिथे 'भारतातील पहिली महिला सिव्हिल इंजिनीअर' असं बिरुद असतं. हे बिरुद मला खटकतं. 1944 मध्येच मद्रासच्या गिंडी कॉलेजातून पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिल इंजिनीअर झाल्या होत्या. त्यांची सोबतीण ए. ललिता विजेच्या शाखेची, लहानपणी लग्न झालेली, कोवळ्या वयात विधवा, पदरात मुलगी. बाईबद्दल लिहायचं म्हटलं की 'पहिली' म्हणायचं आणि संपवायचं ही आपल्या वर्तमानपत्रांची सवय आहे. पुरुषाबद्दल लिहिताना त्याने काय बनवलं ते सांगतात, बाईबद्दल ती कितवी ते सांगतात. शकुंतलाबाई पहिल्या नसल्या तरी काही बिघडत नाही. त्यांनी तंत्र शोधलं, कारखानदारी केली आणि ज्या गावांना पावसाळ्यात वाट नव्हती त्यांना वाट दिली.

आमच्या गटाने ठरवलंय की येत्या 20 जूनला नायगावात एक बैठक घ्यायची. लक्ष्मणराव आणि शकुंतलाबाई, दोघांवर एकत्र बोलायचं. व्हीजेटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलींनाही बोलवायचं आहे. त्याआधी एक मदत हवी आहे. कुंडल, पलूस, ताकारी, किर्लोस्करवाडी या भागांतल्या ज्या मैत्रिणी हा अंक वाचतात, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं. यंत्र यायच्या आधी शेंगा फोडायला कोण जायचं, मापाला काय मिळायचं, यंत्र आल्यावर त्या बाया कुठल्या कामाला लागल्या. वाडीत राहिलेल्या कामगारांच्या घरातली कुणाची आजी-पणजी असेल तर तिचं नाव, माहेर, तिने काय काय केलं ते लिहून पाठवा. चार ओळी असल्या तरी चालतील, अक्षर कसंही असू दे. पत्ता अंकाच्या शेवटच्या पानावर आहे.